मोहाडीचा माग आणि सरकारचा ऑनलाइन ओटा

मामाच्या ऑनलाइन दुकानाचा फॉर्म भरताना एका रकान्यापाशी आम्ही दोघं अडलो. ‘उपलब्ध नग’ असं तिथे विचारलं होतं. मामाने चष्मा कपाळावर सरकवला, खड्डामागावर चढलेल्या साडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "एक. अन् तेही अर्धीच आहे. लिही."

अर्धी लिहिता येत नव्हती. शून्य लिहावं तर दुकानात माल दिसणार नाही. एक लिहावं आणि रात्रीच कोणी मागवली तर द्यायची कुठून? फॉर्म तसाच उघडा ठेवून आम्ही चहा घेतला.

माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात. मोहाडी, आंधळगाव या पट्ट्यातल्या कोष्ट्यांच्या घरांत टसरची, म्हणजे जंगली रेशमाची, करवती काठाची साडी विणतात. सरकारी कागदावर तिचं नाव ‘करवत काटी’. तिला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे जीआय. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात जी पाच पारंपरिक वस्त्रं जपायची म्हणून नावानिशी घेतली आहेत, त्यांत पैठणी, हिमरू, खण आणि घोंगडीच्या रांगेत तीही आहे. एवढा मान असूनही मोहाडीतल्या निम्म्या पोरांना तिची किंमत विचाराल तर सांगता येणार नाही, कारण ती गावात विकलीच जात नाही. विणली जाते आणि जाते.

हल्ली गावात कोणी अधिकारी आला, कोणी संस्थेचा माणूस आला की एकच सांगतो: दलालाची गरज नाही, सरकारने ऑनलाइन बाजार काढले आहेत, थेट गिऱ्हाइकाला विका. बाजार काढले आहेत हे खरंच. पण ‘थेट’ म्हणजे नेमकं काय काय करायचं, ते कोणी बसून सांगत नाही. मामाचं दुकान उघडण्याच्या खटाटोपात मला जे कळलं ते इथे लिहिते आहे.

ओटा कोणाचा, माल कोणाचा

आठवडी बाजारात ग्रामपंचायत ओटे बांधून देते. ओट्यावर माल तुमचा, तराजू तुमचा, ओरडायचं तुम्हीच. पंचायत तुमची वांगी विकत घेत नाही. सरकारचे आजचे ऑनलाइन बाजार बहुतांशी या ओट्यांसारखे आहेत. हे आधी डोक्यात बसलं की पुढचा निम्मा गोंधळ मिटतो.

आमच्याकडे गोंधळ होतो त्याला कारण आहे. मामाच्या पिढीने सरकारला वेगळ्या रूपात पाहिलं आहे. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ १९७१ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नागपूरला. १९७६ साली केंद्राने जनता कापड योजना सुरू केली, म्हणजे गरिबांसाठी स्वस्त धोतरं-साड्या हातमागावर विणून घ्यायच्या. महामंडळाने सूत द्यायचं, विणकराने कापड आणून टाकायचं आणि मजुरी घेऊन जायचं. खपलं की नाही ही महामंडळाची डोकेदुखी. नव्वदच्या दशकात ती योजना गुंडाळली गेली आणि विदर्भातले कितीतरी माग आवरून ठेवले गेले. तेव्हा सरकारच व्यापारी होतं. आज ते ओटेवालं आहे. त्यामुळे "सरकारनं दुकान काढलं" असं म्हटल्यावर मामा विचारतो, "मंग सूत कधी देणार?" त्याचा प्रश्न वेडगळ नाही, त्याची आठवण तशी आहे.

आता हे ओटे कोणकोणते, ते पाहू.

विणकर आणि हस्तकलाकारांसाठी खास म्हणून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘इंडियाहँडमेड’ सुरू केलं. एकटा विणकर, बचत गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी, यांपैकी कोणालाही तिथे दुकान उघडता येतं आणि विक्रीवर कमिशन कापलं जात नाही. खासगी ऑनलाइन दुकानांत कमिशन, जाहिरात, साठवण असं करत करत किती कापलं जातं हे ज्याने एकदा पाहिलं आहे त्याला या ‘शून्या’ची किंमत कळेल.

दुसरा ‘जेम’, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस. हा २०१६ पासून आहे आणि याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. देशभरातल्या विणकरांची जेमवर नोंदणी करून घेण्याची मोहीम झाली. खूप जणांनी नोंदणी केली आणि मग वाट पाहत बसले. पुण्यातली एखादी बाई जेमवर जाऊन साडी घेऊच शकत नाही. तिथे गिऱ्हाईक सरकारच असतं: खाती, सरकारी दवाखाने, वसतिगृहं, मंडळं. त्यांना काय लागतं? चादरी, टॉवेल, सतरंज्या, पडद्याचं कापड, झाडणं. करवती साडी विणणाऱ्याने जेमवर दुकान मांडणं म्हणजे पोलीस ठाण्याच्या दारात पैठणी मांडणं. उलट एखाद्या विणकर सोसायटीकडे साधे माग असतील आणि शे-दोनशे चादरी एकसारख्या विणून द्यायची ताकद असेल, तर जेमइतका मोठा गिऱ्हाईक दुसरा नाही. इथे नग एकसारखे लागतात आणि मुदतीत लागतात, एवढं लक्षात ठेवायचं.

बचत गटातल्या बायांसाठी ग्रामविकास मंत्रालयाचं ‘ई-सरस’ आहे आणि आपल्या राज्याच्या उमेद अभियानाचं ‘उमेद मार्ट’. आदिवासी कारागिरांसाठी ‘ट्राइब्स इंडिया’, ते चालवते ट्रायफेड ही केंद्राची आदिवासी मालाच्या विक्रीसाठीची सहकारी संस्था. ट्रायफेडची पद्धत थोडी निराळी आहे: ती नोंदलेल्या कारागिरांकडून माल स्वतः विकत घेते आणि मग आपल्या दुकानांतून आणि संकेतस्थळावरून विकते. म्हणजे हा ओटा नव्हे, जुन्या महामंडळासारखी खरेदी. गडचिरोली-मेळघाटकडच्या कारागिराला हेच सोयीचं पडू शकतं, कारण पार्सल, परतावा, गिऱ्हाइकाचे प्रश्न यांतलं काही त्याच्या गळ्यात पडत नाही.

आणि ओएनडीसी. हे नाव ऐकून लोक वेबसाइट शोधत बसतात. ती वेबसाइट नाही, दुकान नाही. यूपीआय आठवा. तुमच्या फोनमध्ये एका कंपनीचं अ‍ॅप असतं, पानठेल्यावर दुसऱ्याच कंपनीचा क्यूआर चिकटवलेला असतो, तरी पैसे जातात, कारण मधला रस्ता सामाईक आहे. ओएनडीसी तसाच रस्ता आहे, पण खरेदी-विक्रीचा. केंद्राच्या उद्योग खात्याच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी ना-नफा कंपनी स्थापन झाली. विणकराने एका विक्री-अ‍ॅपवर माल नोंदवला की जोडलेल्या कुठल्याही खरेदी-अ‍ॅपवर तो दिसू शकतो. दिसू शकतो म्हणजे दिसतोच असं नाही. शोधणाऱ्याने ‘करवती’ असं टाइप करायला हवं, आणि ते टाइप करणारे किती आहेत ते तुम्हीच सांगा.

साडी कोणाची?

आता मूळ गाठीकडे येते.

मामाच्या मागावर जी अर्धी साडी होती, ती मामाची नव्हती. सूत व्यापाऱ्याचं, त्यामुळे साडीही व्यापाऱ्याची, मामाची फक्त मजुरी. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात हेच आहे. म्हणून मी पहिल्यांदा मोठ्या उत्साहाने "चला, फोटो काढून टाकू" म्हटलं तेव्हा मामी माझ्याकडे पाहून हसली. "दुसऱ्याच्या साडीचा फोटो काढून का होते, पोरी?"

सरकारी प्रचारात व्यापारी हा नुसता मधला माणूस असतो, काढला की नफा विणकराच्या खिशात. प्रत्यक्षात तो चार कामं करतो. सूत उधार आणून देतो. विणलेली साडी, खपो न खपो, त्याच दिवशी घेऊन मजुरी मोजतो. कुठला रंग नागपुरात चालतो, कुठला मुंबईत, हे सांगतो. आणि घरात लग्न निघालं, कोणी आजारी पडलं की उचल देतो. ही उचलच पुढे वर्षानुवर्षं माणूस बांधून ठेवते, हेही खरं आहे. मी त्याची वकिली करत नाही. पण तो गेला की ही चारही कामं हवेत विरत नाहीत, ती विणकराच्या अंगावर येतात.

आकड्यांत पाहू. हे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, कोणाच्या वहीतले नाहीत. समजा एका साडीची मजुरी २,००० रुपये. तीच साडी विणकराने स्वतःच्या सुतातून विणली, ३,००० चं सूत लागलं, ऑनलाइन ७,००० ला विकली, दीडशे रुपये खोका-पिशवीचे. हातात उरले ३,८५०. मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. इथवर सगळ्या प्रशिक्षणांत सांगतात.

पुढचं सांगत नाहीत. एका साडीला दहा दिवस धरा आणि पहिली साडी खपून, पोचून, परत करायची मुदत संपून पैसे खात्यात पडायला दोन महिने धरा. त्या दोन महिन्यांत माग थांबत नाही, सहा साड्या होतात. म्हणजे पहिला रुपया येण्याआधी १८,००० चं सूत घरात अडकलं. शिवाय मजुरीवर असता तर त्याच काळात १२,००० मिळाले असते आणि घर त्यावर चाललं असतं. ते आता कुठून आणायचे? थेट विक्रीत उतरायला आमच्या मामाला साधारण ३०,००० रुपयांचा दम लागतो. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात ३५.२२ लाख हातमाग कामगार आहेत आणि त्यांतल्या ६६ टक्क्यांहून अधिक कुटुंबांची महिन्याची कमाई ५,००० रुपयांच्या आत आहे. त्यांनी ३०,००० चा दम आणावा कुठून?

म्हणून मला वाटतं, ऑनलाइन दुकानाचा फॉर्म ही शेवटची पायरी आहे, पहिली पायरी सुताची. आणि त्यासाठी सरकारच्या ज्या योजना आहेत त्या पोर्टलइतक्या गाजत नाहीत. केंद्राच्या कच्चा माल पुरवठा योजनेत विणकराला लडीच्या सुती सुतावर आणि देशी रेशमावर १५ टक्के सूट मिळते, ठरावीक मर्यादेपर्यंत. विणकर मुद्रा कर्ज ६ टक्के व्याजाने मिळतं आणि कर्जाच्या २० टक्के, जास्तीत जास्त २५,००० रुपये, मार्जिन मनी म्हणून, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायच्या वाट्यापोटी, सरकार भरतं. राज्याच्या धोरणात नोंदलेल्या विणकराला गणपतीला उत्सव भत्ता आहे, पुरुषाला १०,००० आणि बाईला १५,०००. यातला भत्ता मामा-मामीच्या घरात सणात जातो आणि जायलाच पाहिजे. कर्जाचं मात्र आम्ही मनावर घेतलं.

बँकेत गेलो तर विणकर असल्याचा पुरावा मागितला. तो पुरावा म्हणजे ओळखपत्र. इथे एक बारीक भेद आहे आणि त्यात लोक फसतात: हातमाग विणकर आणि हस्तकला कारागीर यांची कार्डं वेगळी, त्यांची सरकारी कार्यालयंही वेगळी. साडी विणणारा हातमागात, बांबूची टोपली विणणारा बुरूड हस्तकलेत. दोघंही ‘विणतात’ म्हणून एकाच खिडकीत गेले तर एक जण परत येणार. हातमागवाल्यांसाठी नागपूरला विणकर सेवा केंद्र आहे. कार्ड, डिझाइन, प्रशिक्षण, पोर्टलची नोंदणी, यांतलं काहीही विचारायचं तर तिथून सुरुवात करणं बरं.

कागदांत मामाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने निघालं. आधारवर बापाचं नाव पूर्ण, पासबुकात नुसतं अक्षर, ओळखपत्रात आडनावात एक मात्रा जास्त. ते सरळ करायला जितके दिवस गेले तितक्यात एक साडी निघाली असती. आणि ओटीपी! मामाच्या नावावरचा नंबर माझ्या मामेभावाकडे, मामेभाऊ बुटीबोरीच्या कारखान्यात, शिफ्टमध्ये फोन आत नेता येत नाही. मोहाडीत फॉर्म उघडा, ओटीपी बुटीबोरीच्या लॉकरमध्ये.

तीन धोटे आणि एक फोटो

करवती साडी फोटोत पकडणं अवघड का आहे, हे कळायला ती मागावर पाहावी लागते.

साध्या कापडाला एक धोटा, म्हणजे आडवा धागा ओढून नेणारं लाकडी साधन, इकडून तिकडे जातो. करवतीला तीन लागतात: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठ रंगीत सुती सुताचा, अंग टसरचं. प्रत्येक ओळीला काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा एकमेकांत अडकवून मागे फिरवायचा. मामा अंगाचा धोटा टाकतो आणि आपल्या बाजूचा काठ सांभाळतो, मामी पलीकडच्या काठाशी बसते. अडकवण्याची जागा ओळीगणिक थोडी सरकत जाते आणि त्यातून करवतीचे दाते उमटतात. छापील नकलेत दाते कापडावर बसलेले असतात, उलट्या बाजूने फिके दिसतात. खऱ्या साडीत ते कापडाच्या आतच असतात, उलटी करून पाहा.

टसर म्हणजे आमच्याकडचा कोसा. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर अळ्या वाढवतात, पाखरांपासून राखतात, मग कोष उतरवतात. मुद्दाम एकसारखा केलेला तो धागा नव्हे. कुठे जाड, कुठे बारीक, मधेच गाठ. रंगही जातीचाच, मधासारखा, पण सावलीत राखेकडे झुकणारा.

आणि मी पहिला फोटो काढला तो दुपारी, निळ्या ताडपत्रीखाली. फोनने निळ्याची भरपाई म्हणून साडी पिवळीधमक करून टाकली. मला तर आवडली. पहिली ऑर्डर आली, साडी गेली आणि बाराव्या दिवशी परत आली. कारण लिहिलं होतं: रंग वेगळा, धाग्यात दोष. ‘दोष’ म्हणजे कोशाच्या गाठी. साडीला कोणाच्या तरी कपाटातल्या अत्तराचा वास येत होता आणि घडी मोडून चुकीची घातली होती. ज्या बाजारातून ती गेली त्याचं नाव इथे नको, चूक बरीचशी माझीच होती. मामा काही बोलला नाही. साडी दोरीवर टाकून त्याने नुसतं विचारलं, "व्यापारी दोनशे कापून घेत होता, हा किती कापते?"

तेव्हापासून आम्ही सकाळी आठच्या सुमाराला, अंगणात, ऊन नसलेल्या बाजूला फोटो काढतो. साडीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवायचा, म्हणजे रंग किती खरा आहे ते पाहणाऱ्याला कळतं. एक फोटो सुलट्या बाजूचा, एक उलट्या बाजूचा, एक दात्यांचा अगदी जवळून, शेजारी रुपयाचं नाणं. आणि एक मुद्दाम गाठीचा. वर्णनात पहिलंच वाक्य: हा कोसा आहे, यात गाठी असतात, त्या नको असतील तर ही साडी घेऊ नका. असं लिहून कोणी विकतं का, असं मामेभावाने विचारलं. विकतं. त्यानंतर एकही परत आलेली नाही.

‘उपलब्ध नग’चं कोडंही असंच सुटलं. ऑनलाइन दुकानाची सगळी मांडणी शंभर सारख्या नगांसाठी असते: एक फोटो, शंभर विक्री. मागावर प्रत्येक नग एकुलता. प्रत्येक साडीचे नवे फोटो, नवी नोंद. त्यातून गिऱ्हाईक लिहितं, "हीच, पण हिरव्या काठात." त्याला वाटतं धोट्यातला धागा बदलला की झालं. काठाचा रंग ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतही असतो, आणि ताणा एका साडीपुरता कोणी लावत नाही, काही साड्यांचा मिळून एकदाच लावतात. हिरवा काठ हवा तर हा ताणा संपेपर्यंत थांबा. म्हणून आम्ही आता ‘मागणीनुसार विणून मिळेल’ असं लिहितो आणि दिवस मोकळ्या हाताने सांगतो, ४५. पटकन हवं असणारं गिऱ्हाईक जातं. जाऊ द्यावं.

बुरुडाची टोपली का अडते

आमच्या गल्लीच्या टोकाला बुरुडांची घरं. तिथल्या एका भावाने विचारलं, "ताई, माझ्या टोपल्याही टाका ना तुमच्या फोनात." टाकल्याही असत्या, पण कुरियरचं गणित आडवं आलं. ते समजून घेण्यासारखं आहे.

कुरियरवाले नुसतं वजन पाहत नाहीत, जागाही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. जे येईल ते आणि खरं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. साडीचा खोका ३० बाय २५ बाय ५: गुणाकार ३,७५०, भागून पाऊण किलो. टोपलीचा खोका ४० बाय ४० बाय ३०: गुणाकार ४८,०००, भागून ९.६ किलो. टोपलीचं खरं वजन किलोभरही नाही. दोनशेची टोपली आणि भाडं जवळजवळ दहा किलोचं. गिऱ्हाईक पळणार नाही तर काय. पोस्टाने पाठवली तरी मोठ्या खोक्याची अडचण सुटत नाही.

त्यामुळे बांबूत ऑनलाइन चालतं ते चपटं, घडीचं, किंवा एकात एक बसणारं. मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राच्या बांबूच्या राख्या दूरदूर जातात. राखी पाकिटात मावते. सूप आणि टोपली यांना भंडाऱ्याचा, साकोलीचा आठवडी बाजारच बरा. हे मी त्या भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग टोपलीत टोपली घालून सात पाठवतो, एकाच्या भाड्यात." त्याने खरंच मापं बदलून एकात एक बसणारा संच केला आहे. अजून एकच गेला, पण गेला.

जीएसटीचं थोडक्यात

हा भाग कंटाळवाणा आहे, उरकून घेते. साडीवर जीएसटी ५ टक्के. महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या आत माल विकणाऱ्याला एरवी नोंदणी लागत नाही. पण ऑनलाइन बाजारातून विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती, आणि तिमाही विवरणपत्रं भरायच्या नुसत्या भीतीने कित्येक जण मागे फिरले. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला यात सूट आहे: पॅनवर एक नावनोंदणी क्रमांक काढायचा आणि राज्यातल्या राज्यात विकायचं. मेख ‘राज्यातल्या राज्यात’ यात आहे. साडी पुण्याला गेली तर सुटका, बेंगळुरूला जायची असेल तर ती सवलत लागू नाही. मोहाडीहून मध्य प्रदेशची हद्द पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, पण कायद्याला अंतराशी घेणं नाही.

यावर एकट्याने उपाय नाही, चार-पाच घरांनी मिळून आहे. सोसायटी किंवा उत्पादक कंपनी असेल तर एकच जीएसटी नंबर, एकच दुकान, सूतही एकत्र आणायचं, फोटो काढणारी एक पोरगी पगारावर. जीआयचंही तसंच आहे: मानांकन साडीला मिळालं म्हणून प्रत्येक विणकराला ते आपोआप वापरता येत नाही, ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि हे अर्ज गटाने केले की सोपे जातात. मला विचाराल तर सरकारने एकट्या विणकराच्या नावावर किती दुकानं उघडली हे मोजण्यापेक्षा अशा किती गटांना सुतासाठी खेळतं भांडवल मिळालं हे मोजावं. आमच्या गल्लीत अजून गट झालेला नाही. दोन घरं तयार आहेत, तिसऱ्याचं व्यापाऱ्याकडचं देणं फिटायचं आहे, आणि चौथं घर दोन घरांशी बोलत नाही.

मामाने मधला मार्ग काढला आहे. दोन माग आहेत. एक व्यापाऱ्याच्या सुतावर चालतो, घर त्यावर चालतं. दुसऱ्यावर कर्जातून आणलेलं स्वतःचं सूत. व्यापाऱ्याला हे माहीत आहे. त्याने एकदा टोमणा मारला, मग गप्प बसला, आणि परवा त्यानेच विचारलं, "तुमच्या त्या फोनवर माझ्या चार साड्या जातील का?"

गेल्या महिन्यात एक ऑर्डर आली. मामाने नेहमीसारखं विचारलं, "कोणासाठी आहे? लग्नातली का?" व्यापारी हे सांगत असे. लग्नाची म्हटलं की मामा पदराला हात जड ठेवायचा. मी स्क्रीन पाहिली. आडनाव, फ्लॅट नंबर आणि पिन कोड. "एवढंच आहे," म्हटलं.

तो थोडा वेळ त्या सहा आकड्यांकडे पाहत राहिला. मग माझ्या वहीतलं पान मागून घेतलं, पेन्सिलीने वाकड्या अक्षरात लिहिलं: ‘सहा महिन्याने घडी बदलावी. उन्हात वाळवू नये.’ खाली फोन नंबर लिहायला लागला, तेव्हा आठवण झाली की नंबर बुटीबोरीला असतो. खोडून त्याने मामीचा लिहिला.